जांघेतली फट आणि दोंडाईच्याची जाळी

पोटाच्या भिंतीत जी जागा जन्मतःच कमकुवत असते किंवा वय, आजार अथवा जुनी जखम यांमुळे पुढे कमकुवत होते, त्या जागेतून आतडे किंवा आतड्यांवरचा चरबीचा पदर बाहेर येऊन कातडीखाली फुगवटा दिसू लागतो, त्या अवस्थेला हर्निया म्हणतात. जुन्या मराठीत तिला अंतर्गळ म्हणत आणि खेड्यापाड्यांत आजही ‘आतडं उतरलंय’ असेच सांगितले जाते. हा रोग जंतूंमुळे होत नाही, तो एकाकडून दुसऱ्याला लागत नाही आणि कोणत्याही गोळीने, लेपाने वा काढ्याने बरा होत नाही, कारण बिघाड भिंतीच्या रचनेतला आहे आणि रचनेतला बिघाड बहुधा हाताने दुरुस्त करावा लागतो. जगभरात दर वर्षी जांघेतील हर्नियाच्या सुमारे दोन कोटी शस्त्रक्रिया होतात. पुरुषांपैकी साधारणतः शंभरातल्या सत्तावीस जणांना आणि स्त्रियांपैकी तिघींना आयुष्यात केव्हा ना केव्हा ती करून घ्यावी लागते, असा अंदाज पाश्चात्त्य देशांतील नोंदींवरून मांडला गेला आहे. इतका सर्वसामान्य असलेला हा विकार खानदेशात मात्र वर्षानुवर्षे धोतराआड आणि लेंग्याआड झाकून ठेवला जातो. तो झाकून ठेवण्याची कारणे वैद्यकीय कमी आणि आर्थिक अधिक आहेत, आणि म्हणूनच या विषयाचा विचार शरीररचनेपासून सुरू करून पैशापर्यंत नेल्याशिवाय पुरा होत नाही.

हर्नियाचे अनेक प्रकार असले तरी पोटाच्या भिंतीच्या हर्नियांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जांघेतले असतात, आणि त्याचे मूळ मनुष्याच्या जन्मापूर्वीच्या एका प्रवासात आहे. मुलग्याचे वृषण गर्भावस्थेत पोटात, मूत्रपिंडांच्या जवळ तयार होतात आणि गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत जांघेतून खाली अंडकोशात उतरतात. उतरताना ते पोटाच्या आतल्या अस्तराची एक बोटासारखी पिशवी आपल्याबरोबर ओढून नेतात. ही पिशवी जन्माच्या सुमारास आपोआप मिटावी लागते. ती मिटली नाही, तर पोटातून अंडकोशाकडे जाणारी वाट उघडी राहते आणि लहान मुलांतला हर्निया तिथूनच उद्भवतो. ज्या तिरक्या बोगद्यातून हा प्रवास होतो त्याला जांघेची नलिका म्हणतात. प्रौढ माणसात तिची लांबी चारेक सेंटिमीटर असते, तिला आतले एक आणि बाहेरचे एक अशी दोन तोंडे असतात आणि वीर्यवाहिनी, रक्तवाहिन्या व काही मज्जातंतू यांची जुडी तिच्यातून जाते. आतल्या तोंडातून पिशवी शिरली तर तो अप्रत्यक्ष हर्निया होय. नलिकेची मागची भिंतच झिजून पुढे आली तर तो प्रत्यक्ष हर्निया होय, आणि तो प्रामुख्याने उतारवयात दिसतो. मांडीच्या मुळाशी, रक्तवाहिन्यांच्या शेजारून बाहेर येणारा तिसरा प्रकार स्त्रियांत तुलनेने अधिक आढळतो. त्याचे तोंड अरुंद आणि कडक असल्याने आतडे त्यात लवकर अडकते, आणि जांघेतली लहानशी गाठ समजून त्याकडे दुर्लक्ष झाले तर त्याची किंमत फार मोठी पडते.

ओझे उचलल्याने हर्निया होतो ही समजूत जुनी आहे. सुश्रुतसंहितेत वृद्धीच्या सात प्रकारांत आंत्रवृद्धी गणलेली आहे आणि तिच्या कारणांत भार वाहणे, आपल्याहून बलवानाशी झुंजणे, झाडावरून पडणे यांचा समावेश आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या निरीक्षणात तथ्य आहे, पण पूर्ण उत्तर नाही. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत पंधरा-वीस किलोचा घड खांद्यावर घेऊन बांधापर्यंत चालणारे मजूर किंवा जिनिंगच्या आवारात कापूस हलवणारे हमाल यांच्यातल्या सगळ्यांनाच हर्निया होत नाही, आणि आयुष्यभर गादीवर बसून हिशेब लिहिणाऱ्याला तो होतो. भिंतीला बळकटी देणाऱ्या कोलॅजेन नावाच्या तंतूंची प्रत घराण्यागणिक वेगळी असते, वयाबरोबर ती घसरते आणि बिडी-सिगारेट तिला आणखी खालावते. ज्याची भिंत आधीच दुबळी आहे त्याच्या बाबतीत जुनाट खोकला, लघवीला जोर लावायला लावणारी पुरःस्थ ग्रंथीची (प्रोस्टेटची) वाढ, बद्धकोष्ठता आणि रोजचे ओझे ही पोटातला दाब वाढवणारी कारणे ती फट उघडी पाडतात. हा भेद समजून घेणे आवश्यक आहे, कारण कष्टकरी माणूस ‘काम सोडलं की बरं होईल’ अशा आशेवर दोन-दोन वर्षे घालवतो, आणि काम सोडून फट बुजत नाही.

जांघेव्यतिरिक्तच्या प्रकारांपैकी दोहोंचा उल्लेख येथे पुरेसा आहे. तान्ह्या बाळाची बेंबी फुगते तेव्हा तिच्यावर रुपयाचे नाणे ठेवून पट्टा आवळण्याची रीत घराघरांत आहे. तिचा उपयोग काहीच नाही, उलट नाण्याखालची कातडी ओली राहून चिघळते. बहुतेक बाळांची ही फट दोन-तीन वर्षांत आपली आपण मिटते आणि तोवर तिला हात लावण्याचे कारण नसते. याच्या अगदी उलट, बाळाच्या जांघेतला हर्निया कधीच आपोआप जात नाही आणि लहान बाळांत तो अडकण्याचा धोका मोठा असल्याने त्याची शस्त्रक्रिया लांबणीवर टाकू नये. ती करताना केवळ उघडी राहिलेली पिशवी मुळाशी बांधून टाकतात, जाळीची गरज पडत नाही. दुसरा प्रकार जुन्या टाक्यांतून येणारा: सिझेरियन, गर्भाशयाची किंवा आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या जागी पुढे महिन्यांनी वा वर्षांनी पोट फुगते, आणि जखमेत झालेला पू, मधुमेह, स्थूलता यांच्याशी त्याचा निकटचा संबंध असतो. या हर्नियाची दुरुस्ती जांघेतल्याहून अवघड असते आणि ती अनुभवी हातांकडेच सोपवावी.

फुगवटा उभे राहिल्यावर किंवा खोकल्यावर दिसतो, आडवे झाल्यावर आत जातो, दिवसभराच्या कामानंतर जांघेत जडपणा वाटतो, एवढ्यावरून बहुतेक वेळा निदान होते. त्यासाठी महागड्या तपासण्यांची आवश्यकता क्वचितच असते आणि अनुभवी वैद्य रुग्णाला उभे करून, खोकायला सांगून, बोटांनी तपासून ते करतो. जी अवस्था प्रत्येक घरात माहीत असायला हवी ती वेगळी आहे. आत जाणारा फुगवटा एके दिवशी आत जाईनासा होतो, टणक लागतो, त्याला हात लावू देत नाही इतका दुखतो, पोट फुगते, उलट्या सुरू होतात, शौच आणि वारा दोन्ही बंद होतात. याचा अर्थ फटीच्या कडेत आतड्याची पिळवणूक होऊन त्याचा रक्तपुरवठा तुटत आहे. अशा वेळी तेल लावून दाबणे, शेकणे, सकाळची वाट पाहणे हे सारे प्राणघातक आहे, कारण काही तासांत आतड्याचा तो भाग काळा पडतो आणि मग फट बुजवण्याची छोटी शस्त्रक्रिया आतडे कापून जोडण्याची मोठी शस्त्रक्रिया होऊन बसते.

हा धोका किती, याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर ते दोन्ही बाजूंनी द्यावे लागते. ज्यांना फारसा त्रास नाही अशा 720 पुरुषांवर उत्तर अमेरिकेत झालेल्या आणि 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया न करता केवळ लक्ष ठेवलेल्यांमध्ये हर्निया अचानक अडकण्याचे प्रमाण हजार माणसांमागे वर्षाला दोनहूनही कमी निघाले. म्हणजे प्रत्येक फुगवट्याला घाबरून धावत सुटण्याचे कारण नाही. पण त्याच गटातल्या बहुसंख्य पुरुषांनी पुढील दहा वर्षांत दुखणे वाढल्याने शस्त्रक्रिया करून घेतलीच. शिवाय तो अभ्यास अशा माणसांचा होता की ज्यांना दुखू लागताच सुसज्ज रुग्णालय गाठता येत होते. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून, पावसाळ्यात नाला ओलांडून, मिळेल त्या वाहनाने शिरपूर किंवा चोपडा आणि तिथून धुळे वा जळगाव गाठणाऱ्या माणसाला तोच आकडा तसाच लागू करता येणार नाही. लक्ष ठेवून राहण्याचा सल्ला देणाऱ्याने रुग्णाचे गाव आधी विचारले पाहिजे.

दुरुस्तीचा इतिहास एकाच अडचणीभोवती फिरतो. इटलीतील पादुआ येथील एदोआर्दो बासिनी यांनी 1887 साली आपली पद्धत मांडली आणि आधुनिक हर्निया-शस्त्रक्रियेची सुरुवात तिथून मानली जाते. पिशवी बांधून टाकून भागत नाही, नलिकेची मागची भिंत नव्याने उभारली पाहिजे हे त्यांचे सूत्र होते आणि त्यासाठी ते वरचे स्नायू खाली ओढून जांघेच्या बंधाला टाक्यांनी शिवत. शरीररचनेच्या दृष्टीने ही कल्पना अचूक होती, परंतु एकमेकांपासून दूर असलेल्या दोन कडा ओढून शिवल्या की त्या टाक्यांवर कायमचा ताण राहतो. जीर्ण झालेल्या धोतराचा फाटका भाग कडा ओढून शिवला तर तो शिवणीशेजारीच पुन्हा फाटतो आणि ठिगळ लावले तर टिकतो, हे घराघरांतल्या बायकांना ठाऊक असलेले सत्य शल्यशास्त्राला पटायला आणि त्या ठिगळासाठी योग्य वस्तू सापडायला पुढची सत्तर वर्षे गेली. कॅनडातील अर्ल शोल्डाइस यांनी भिंतीचे थर एकावर एक दुमडून शिवण्याची पद्धत बसवली आणि टोरांटोच्या त्यांच्या रुग्णालयात तिचे निकाल उत्कृष्ट राहिले, पण ते कौशल्य इतरत्र तितक्याच सफाईने उतरले नाही. 1950च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत फ्रान्सिस अशर यांनी प्लॅस्टिकच्या धाग्याची जाळी वापरून पाहिली, आणि लॉस एंजेलिसच्या अर्व्हिंग लिक्टनस्टाइन यांनी 1980च्या दशकात ती सरसकट वापरून ताणरहित दुरुस्तीची पद्धत रूढ केली. 1989 साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हजार रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला आणि त्यानंतर काही वर्षांतच ही शस्त्रक्रिया जगभर प्रमाण मानली जाऊ लागली.

ही शस्त्रक्रिया जवळून पाहिली तर तिच्यातील साधेपणा आणि काटेकोरपणा दोन्ही ध्यानात येतात. जांघेच्या घडीच्या किंचित वर, तिला समांतर अशी पाच-सहा सेंटिमीटरची चीर घेतात. त्या जागी लिग्नोकेनचे इंजेक्शन देऊन भाग बधिर केलेला असतो, त्यामुळे रुग्ण शुद्धीवर असतो आणि बोलूही शकतो. कातडी आणि चरबीखाली चकचकीत पांढरा पडदा लागतो, तो म्हणजे बाहेरच्या तिरक्या स्नायूचे कंडरापटल. तो तंतूंच्या दिशेने उघडला की नलिका उघडी पडते. वीर्यवाहिनीची जुडी अलगद सोडवून फितीवर उचलून धरतात, तिच्यालगत जाणारे बारीक मज्जातंतू ओळखून जपतात, आणि जुडीतून मोत्यासारख्या पांढऱ्या रंगाची पातळ पिशवी वेगळी करून आत ढकलतात. मग साधारणतः सात-आठ सेंटिमीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर लांब जाळी मागच्या भिंतीवर सपाट पसरतात. तिची खालची कड जांघेच्या बंधाला सलग टाक्याने शिवतात, आतल्या टोकाला ती जघनास्थीच्या उंचवट्यापलीकडे दीड-दोन सेंटिमीटर गेली आहे ना हे पाहतात, कारण हर्निया परत येतो तो बहुधा याच कोपऱ्यातून. दुसऱ्या टोकाला जाळी चिरून तिच्या दोन शेपट्यांमधून जुडी बाहेर काढतात आणि शेपट्या एकमेकींवर ओलांडून बांधतात. रुग्णाला खोकायला सांगून दुरुस्ती पारखतात आणि मग थर एकेक करून मिटवतात. पुढील काही आठवड्यांत जाळीच्या छिद्रांतून शरीराचे स्वतःचे तंतू वाढतात आणि जाळीसकट एक नवी, मजबूत भिंत तयार होते. जाळी हा त्या भिंतीचा केवळ सांगाडा असतो.

येथेच दोंडाईच्याचे नाव येते. धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील, सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे आणि मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाणारे हे गाव. तेथे रुग्णालय चालवणारे शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर हे भारतीय ग्रामीण शल्यचिकित्सकांच्या चळवळीतील अग्रणी. त्यांच्यासमोरचा प्रश्न सरळ होता. जाळीची शस्त्रक्रिया श्रेष्ठ आहे हे सिद्ध झाले होते, ती करण्याचे कौशल्य गावात होते, बधिर करण्याचे औषध स्वस्त होते, पण परदेशी कंपनीची जाळी इतकी महाग होती की शेतमजुराच्या बाबतीत एकट्या जाळीचा खर्च बाकीच्या शस्त्रक्रियेवर मात करी. त्यामुळे श्रीमंताला जाळी आणि गरिबाला ताणाची शिवण अशी विभागणी नकळत होत होती. त्यांचे लक्ष बाजारात मिळणाऱ्या साध्या मच्छरदाणीच्या कापडाकडे गेले. ते कापड पॉलिएथिलिन आणि पॉलिप्रॉपिलिन यांच्या मिश्र धाग्याचे होते, म्हणजे कंपन्यांच्या जाळ्या ज्या कुळातील प्लॅस्टिकच्या असतात त्याच कुळातले. त्याची छिद्रे पेशींना आत वाढू देण्याइतकी मोठी होती, ते हलके आणि लवचीक होते, आणि रुग्णालयातील वाफेच्या निर्जंतुकीकरण-यंत्रात, म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये, 121 अंश सेल्सिअसला ते निर्जंतुक करता येत होते. एका जाळीपुरत्या तुकड्याची किंमत नगण्य होती.

कल्पना सुचणे ही या कामातील सर्वांत मोठी गोष्ट नव्हे. हाताशी असलेल्या वस्तूने वेळ निभावून नेणारे डॉक्टर खेडोपाडी पूर्वीपासून आहेत आणि त्यांच्या कल्पकतेची नोंद त्यांच्याबरोबरच नाहीशी होते. टोणगावकरांनी निराळी वाट धरली. त्यांनी देशाच्या वेगवेगळ्या भागांतील सहकाऱ्यांना बरोबर घेतले, साडेतीनशेहून अधिक हर्निया या कापडाने दुरुस्त झाल्यावर जखमेतला जंतुसंसर्ग किती, हर्निया परत किती जणांना आला, जाळी शरीराने नाकारली का, याचा हिशेब मांडला आणि 2003 साली तो ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’मध्ये प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा की हे कापड शरीर स्वीकारते आणि त्याचे परिणाम महागड्या जाळीच्या जवळपास आहेत. त्यांनी या लेखाला प्राथमिक चाचणी म्हटले आणि ते योग्यच होते, कारण त्यात दोन गटांची तुलना नव्हती, आणि शरीरात कायमची राहणारी वस्तू निरुपद्रवी आहे हे ठरवायला त्याहून कडक कसोट्या लागतात.

त्या कसोट्या इतरत्र लागल्या. 2006 साली आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशात नायलॉनची मच्छरदाणी आणि कंपनीची जाळी यांची छोटी तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध झाली. ब्रिटिश शल्यचिकित्सक अँड्र्यू किंग्जनॉर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ऑपरेशन हर्निया’ या उपक्रमातून घाना देशात अशा जाळीचा वापर केला आणि त्याचा वृत्तान्त 2009 साली छापून आला. सर्वांत निर्णायक ठरली ती पूर्व युगांडातील चाचणी. तीत 302 पुरुषांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून एका गटाला मच्छरदाणीची आणि दुसऱ्याला कंपनीची जाळी बसवण्यात आली, आणि कोणाला कोणती हे रुग्णांना सांगण्यात आले नाही. वर्षभरानंतर स्वस्त जाळीच्या गटात एकाच रुग्णाचा हर्निया परत आला, कंपनीच्या जाळीच्या गटात कोणाचाच नाही. लहानमोठ्या तक्रारींचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, सुमारे तीस टक्के होते. एका जाळीची किंमत सुमारे एक डॉलर, दुसरीची सव्वाशे डॉलर. जानेवारी 2016 मध्ये हे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या चाचणीत वापरलेले कापडही भारतात तयार झालेले होते. तालुक्यातील एका गावी उपस्थित झालेला प्रश्न बारा-तेरा वर्षांत जगाच्या वैद्यकीय व्यासपीठावर पोहोचला. खानदेशाला या गोष्टीचा अभिमान वाटायला हवा आणि तो येथे फारसा व्यक्त झालेला दिसत नाही.

या प्रयोगाचा गैरअर्थ काढला जाऊ नये म्हणून काही बंधने स्पष्टपणे सांगणे कर्तव्य आहे. कोणतीही मच्छरदाणी या कामाची नसते. डासनाशक औषधात बुडवलेली, सरकारी मलेरिया कार्यक्रमात वाटली जाणारी मच्छरदाणी शरीरात घालणे घातक ठरेल. धाग्याचा प्रकार ठाऊक नसलेले कापड ऑटोक्लेव्हमध्ये आकसते किंवा वितळते, आणि तापमान कमी ठेवले तर जंतू उरतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी रुग्णच फसतो. याखेरीज कायद्याचा प्रश्न आहे. 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांनंतर शरीरात बसवायच्या वस्तू नियंत्रणाखाली आल्या आहेत, तेव्हा बाजारातून कापड आणून बसवण्याचा वैयक्तिक निर्णय आज कोणाही डॉक्टरने परस्पर घेणे उचित नाही. आता भारतीय बनावटीच्या पॉलिप्रॉपिलिनच्या जाळ्याही पूर्वीच्या मानाने स्वस्त मिळू लागल्या आहेत. म्हणून दोंडाईच्याच्या कामाचे आजचे मोल मच्छरदाणीच्या कापडात शोधू नये. कंपनीच्या जाळीची किंमत तिच्या धाग्याच्या किमतीशी कोणतेही नाते सांगत नाही, हे त्या कामाने उघड केले, आणि शस्त्रक्रियेचा खर्च हा शस्त्रक्रियेच्या तंत्राचाच एक भाग मानावा लागतो हे शल्यशास्त्राला ऐकवले. जी दुरुस्ती रुग्णाला परवडत नाही ती त्याच्यापुरती अस्तित्वातच नसते.

महाराष्ट्रातच या प्रश्नाला दुसरे उत्तर पुण्याहून मिळाले. डॉ. मोहन देसरडा यांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत परकी जाळी मुळीच लागत नाही. बाहेरच्या तिरक्या स्नायूच्या त्याच पांढऱ्या कंडरापटलाची एक पट्टी, तिची दोन्ही टोके शरीराशी जोडलेलीच ठेवून, जुडीच्या मागे वळवून शिवतात, म्हणजे ठिगळ रुग्णाच्याच अंगाचे असते आणि जिवंत असते. पोलंडमधील 208 पुरुषांवर झालेल्या आणि 2012 साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत तीन वर्षांनंतर हर्निया परत येण्याचे प्रमाण या पद्धतीत आणि लिक्टनस्टाइनच्या पद्धतीत सारखेच निघाले. ज्याचे कंडरापटल पातळ किंवा विरविरीत झाले आहे अशा वृद्धाला ती योग्य नाही आणि दीर्घकाळाचा पुरावा अद्याप जाळीइतका विपुल नाही, परंतु तरुण रुग्णासाठी आणि जाळी नको म्हणणाऱ्यासाठी ती विचारात घेण्याजोगी आहे.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेविषयी शहरांतून मोठे आकर्षण आहे. तीन लहान छिद्रांतून आत जाऊन भिंतीच्या मागच्या बाजूने जाळी बसवली जाते, दुखणे कमी असते, कामावर लवकर परतता येते, आणि दोन्ही जांघांत हर्निया असेल, एकदा दुरुस्त केलेला परत आला असेल किंवा रुग्ण स्त्री असेल तर या शस्त्रक्रियेचे फायदे खरे आहेत. पण तिला पूर्ण भूल लागते, यंत्रसामग्री महाग असते आणि ती हातात बसायला शल्यचिकित्सकाला दीर्घ सराव लागतो. एका बाजूच्या साध्या हर्नियासाठी जवळच्या गावात, भाग बधिर करून, अनुभवी हाताने केलेली उघडी शस्त्रक्रिया दुय्यम समजण्याचे कारण नाही. दोन्ही पद्धतींत एक त्रास मात्र प्रामाणिकपणे आधी सांगितला गेला पाहिजे: सुमारे दहांतल्या एका रुग्णाला जांघेत तीन महिन्यांहून अधिक काळ दुखत राहते. बहुतेकांचे दुखणे सौम्य असते, थोड्यांचे रोजच्या जगण्यात आड येते. मज्जातंतू जपण्याची काळजी याचसाठी घ्यायची असते.

खानदेशातील रुग्ण डॉक्टरांना जे विचारतो त्यात ‘कामावर कधी जाता येईल’ हा प्रश्न ‘दुखेल का’ याच्या आधी असतो, आणि त्याचे जुने उत्तर आजही चुकीचे दिले जाते. तीन महिने अंथरूण आणि सहा महिने ओझे बंद हा सल्ला ताणाच्या शिवणीच्या काळातला आहे. जाळी बसवल्यावर रुग्णाने त्याच दिवशी चालावे, आठ-पंधरा दिवसांत हलकी कामे सुरू करावीत, आणि गोणी वा घड उचलण्याचे काम बहुतेकांना चार ते सहा आठवड्यांनी करता येते. जुन्या सल्ल्याच्या धास्तीने पेरणीनंतर, पोळ्यानंतर, कापूस वेचून झाल्यावर, आखाजीनंतर अशी मुदत पुढे ढकलली जाते आणि फुगवटा दरवर्षी मोठा होत जातो. मोठ्या, जुन्या हर्नियाची शस्त्रक्रिया अवघड आणि खर्चिक होते, म्हणजे हंगाम वाचवण्यासाठी केलेली ही टाळाटाळ पुढच्या दोन हंगामांना महागात पडते. कमरेचा पट्टा हा या टाळाटाळीचा साथीदार आहे. तो फट बुजवत नाही, फुगवटा फक्त दाबून धरतो, आणि आतडे बाहेर असताना आवळला गेला तर इजा करतो. ज्याची प्रकृती कोणतीच शस्त्रक्रिया सोसणारी नाही अशा रुग्णापलीकडे त्याला जागा नाही.

शस्त्रक्रियेची सोय आज पूर्वीइतकी दूर राहिलेली नाही. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि तालुक्यांची उपजिल्हा रुग्णालये या भागात आहेत. राज्याची आरोग्य विमा योजना 2012 साली प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत धुळे होते. आपल्या शिधापत्रिकेवर कोणत्या रुग्णालयात काय मिळते हे योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारून घेणे हा प्रत्येक कुटुंबाचा हक्क आहे. परंतु शस्त्रक्रिया झाली एवढ्याने प्रश्न मिटत नाही. ती टिकली का, हे कोण पाहणार? रुग्ण टाके काढायला येतो आणि नंतर दिसत नाही, आणि हर्निया परत आला तर बहुधा दुसऱ्याच दवाखान्यात जातो, म्हणून पहिल्या शल्यचिकित्सकाला आपला निकाल कधी कळतच नाही. दोंडाईच्याने जे केले ते येथे अनुकरणीय आहे. धुळे आणि जळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी, आणि त्यांच्याबरोबर शहादा, चाळीसगाव, अमळनेर, भुसावळ येथील खासगी शल्यचिकित्सकांनी, हर्नियाच्या प्रत्येक शस्त्रक्रियेची एक सामाईक नोंदवही ठेवावी. रुग्णाचा मोबाइल क्रमांक, जाळीचा प्रकार आणि किंमत, भूल कोणती दिली हे तीत लिहावे, आणि एक वर्षाने व पाच वर्षांनी फोन करून दोनच प्रश्न विचारावेत: फुगवटा परत आला का, आणि दुखते का. यासाठी यंत्र लागत नाही, अनुदान लागत नाही, एक परिचारिका आणि आठवड्यातील एक दुपार पुरते. हे काम या वर्षीच सुरू करावे.